उजव्या सीटच्या उमेदवाराला आधी सांगा

भारतीय विमान कंपन्यांच्या उड्डाण विभागांचे आणि वैमानिक भरतीचे प्रमुख यांस,



फेब्रुवारी 2023 मध्ये एअर इंडियाने 470 विमानांची खरेदी जाहीर केली. त्याच वर्षी जूनमध्ये इंडिगोने एका झटक्यात 500 एअरबसची ऑर्डर दिली आणि जानेवारी 2024 मध्ये अकासाने 150 बोइंगची. ही विमाने पुढची कित्येक वर्षे टप्प्याटप्प्याने येत राहतील. दरम्यान वैमानिकांची आठवड्याची विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर गेली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली, आणि डिसेंबर 2025 मध्ये या नियमांना पुरे पडेल एवढी माणसे वेळापत्रकात न बसल्याने हजारो उड्डाणे रद्द झालेली आपण सर्वांनी पाहिली. माणसे हवी आहेत, हे आता कोणाला पटवून द्यावे लागत नाही. ती माणसे कोण असतील हे तुम्ही ठरवता. माझी मागणी एवढीच आहे की तुम्ही ते कशावर ठरवता हे उमेदवाराला आधी, लेखी आणि स्पष्ट सांगा.

नोकरीची सगळी वर्षे मी विमान चालवले. त्यातली बरीच वर्षे निवडीच्या टेबलाला तुमच्याच बाजूने बसून मुलाखतीही घेतल्या. आता निवृत्तीनंतर गोंदिया, बारामती, धुळे, शिरपूर अशा ठिकाणांहून सीपीएल (व्यावसायिक वैमानिक परवाना) घेऊन बाहेर पडलेल्या मुलामुलींची तयारी करून घेतो. दोन्ही बाजू पाहिल्या आहेत म्हणून हे पत्र लिहितो आहे.

तुमच्यापुढे येणारे मूल तोवर काय करून आलेले असते, याची एकदा आठवण करून देतो. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स. क्लास वन मेडिकल. डीजीसीएचे एअर नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स आणि टेक्निकलचे पेपर, प्रत्येकात किमान 70 टक्के. रेडिओची परीक्षा वेगळी. दोनशे तास उड्डाण. या सगळ्याचा खर्च पन्नास लाखांच्या पुढे जातो, आणि कित्येक घरांत तो शेत किंवा राहते घर तारण ठेवून उभा केलेला असतो. एवढे झाल्यावर एक दिवस तुमचा ई-मेल येतो. त्यात तारीख असते, वेळ असते, हॉटेलचे किंवा ट्रेनिंग सेंटरचे नाव असते, कागदपत्रांची यादी असते आणि फॉर्मल कपड्यांत यावे अशी सूचना असते. आत काय होणार, किती टप्पे आहेत, कोणत्या टप्प्यात काय पाहिले जाईल, एका टप्प्यात कमी पडले तर पुढचा मिळतो की नाही, यातले बहुतेक वेळा काहीही नसते.

ज्याचा काका किंवा मामा कॅप्टन आहे त्याला हे सगळे एका संध्याकाळी जेवता जेवता कळते. ज्याचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, त्याच्या हाती मागच्या वर्षीच्या कोणीतरी आठवून लिहिलेल्या प्रश्नांची पीडीएफ येते, किंवा पुन्हा काही हजार रुपये मोजून ‘इंटरव्ह्यू प्रिपरेशन’चा वर्ग लावावा लागतो. हा फरक उमेदवारांच्या हुशारीतला नाही. तो फक्त माहितीतला आहे, आणि तो दूर करायला तुम्हाला एक रुपयाही खर्च येत नाही.

तुमच्यातल्या काहींचे म्हणणे मला ठाऊक आहे. सगळे आधी सांगितले तर मुले पाठ करून येतील. मी टेबलामागे बसलो तेव्हा मीही पाठ केलेली उत्तरे भरपूर ऐकली आहेत, आणि ती याच गुप्ततेतून जन्मलेली होती. काय विचारतील ते माहीत नसले की माणूस सगळ्याचीच उत्तरे पाठ करतो. काय पाहणार आहेत ते माहीत असले की तो त्या गोष्टीचा सराव करतो. आपल्याला सराव केलेला वैमानिक हवा आहे. एरवीही आपण वर्षातून दोनदा प्रत्येक वैमानिकाला सिम्युलेटरमध्ये बसवतो, आणि त्या चेकमध्ये साधारण काय येणार हे त्याला आधी माहीत असते. तरीही कोण तयार आहे आणि कोण नाही, ते दिसल्यावाचून राहत नाही.

म्हणून आत काय होते ते मीच इथे लिहितो. कंपनीगणिक क्रम थोडा बदलतो, एखादा टप्पा गाळला जातो, पण गाभा सगळीकडे सारखा आहे. यात कोणाचे गुपित फुटत नाही.

सुरुवात कागदांपासून होते. लायसन्स, मेडिकल, गुणपत्रिका, लॉगबुक. 2011 साली बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवल्याची प्रकरणे देशात उघडकीस आली, आणि तेव्हापासून हा टप्पा कडक झाला तो योग्यच. लॉगबुक चाळणारा माणूस बेरजा तर पाहतोच, पण त्याहून जास्त ‘कसे उडवले’ ते पाहतो. एकाच महिन्यात शंभर तास कसे झाले? क्रॉसकंट्री उड्डाणे कुठून कुठे केली? मल्टि-इंजिनचे तास किती जुने आहेत? शेवटचे उड्डाण होऊन वर्ष उलटले असेल तर मधल्या काळात काय केले? मुलांना मी सांगतो की लॉगबुकातल्या प्रत्येक ओळीमागचा दिवस आठवला पाहिजे. पण हेही तुम्हीच सांगायला हवे, कारण परवाना हाती आल्यापासून तुमचा ई-मेल येईपर्यंत मुले दोन-दोन वर्षे घरी बसलेली असतात, आणि लॉगबुकातली ती मोकळी जागा हा आपला गुन्हा आहे असे समजून ती लपवायला जातात. रिकामा काळ हा बाजाराचा दोष असतो हे तुम्हाला माहीत आहे. त्यांना माहीत नसते.

लेखी परीक्षेबद्दल फार लिहीत नाही. सीपीएलचे आणि थोडे एटीपीएलच्या पातळीचे प्रश्न, बहुपर्यायी, वेळ कमी. ज्याने डीजीसीएचे पेपर समजून दिले तो इथे अडत नाही. ज्याने प्रश्नपेढ्या पाठ करून दिले तो अडतो.

संगणकावरच्या चाचण्यांचे मात्र वेगळे आहे. कॉम्पास, अडॅप्ट अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या चाचण्यांत एका हातातल्या जॉयस्टिकने पडद्यावरचा ठिपका मध्यभागी ठेवायचा, त्याच वेळी कानावर पडणाऱ्या आकड्यांतले ठरावीक आकडे ओळखायचे, मध्येच एक दिवा लागला की बटण दाबायचे. दिशा, उंची आणि वेगाचे आकडे क्षणभर दाखवून लपवले जातात आणि थोड्या वेळाने विचारले जातात. कागद-पेन नसते. ज्याने असा पडदा आयुष्यात कधी पाहिला नाही, त्याची पहिली काही मिनिटे सूचना समजण्यातच जातात. गुण त्याच्या क्षमतेचे पडत नाहीत, त्याच्या अनोळखीपणाचे पडतात. एक नमुना-चाचणी सर्वांना आठवडाभर आधी दिली तर हा दोष जवळजवळ नाहीसा होईल. त्यानंतर येते व्यक्तिमत्त्वाची प्रश्नावली: ‘मला नियम पाळायला आवडते’, ‘मला धोका पत्करायला आवडते’ अशी विधाने, पुन्हा पुन्हा, शब्द फिरवून. इथे मुले घाबरून आदर्श वैमानिकाचे सोंग घेतात, आणि उत्तरांतली विसंगती लगेच पकडली जाते. प्रामाणिक उत्तर द्यावे, यात नापास करण्यासारखे काही नसते, आणि निकाल मुलाखतीच्या टेबलावर प्रश्नांच्या रूपाने येतो, एवढी तीन वाक्ये तुम्ही लिहून दिली तर किती मुले मोकळी होतील!

गटचर्चेचे थोडक्यात. चार-सहा जणांना एक अडचण देतात आणि वीसेक मिनिटांत एकमताने निर्णय मागतात. निर्णय कोणता आला याला फारसे महत्त्व नसते. गप्प बसलेल्याला कोणी बोलते केले, वेळ कोणी पाहिली, स्वतःचे मत चुकीचे दिसताच कोणी ते सोडले, हे टिपले जाते. सर्वात मोठ्या आवाजात बोलणाऱ्याला बाहेर आल्यावर वाटते की आपण बाजी मारली.

आता सिम्युलेटर. इथे मला थांबायचे आहे, कारण सर्वाधिक अन्याय इथेच होतो.

उमेदवाराने आजवर बहुतेक तास सेसना 172 सारखे विमान उडवलेले असते. वजन अकराशे किलोच्या आसपास, धावपट्टीकडे येतानाचा वेग साठ-पासष्ट नॉट. त्याला बसवले जाते ए320 च्या उजव्या सीटवर. सत्तरहून अधिक टनांचे विमान, अप्रोचचा वेग 135 ते 140 नॉट. ऑटोपायलट बंद, ऑटोथ्रस्ट बंद, फ्लाइट डायरेक्टरच्या रेघा पडद्यावरून काढलेल्या. ज्याला आपण रॉ डेटा म्हणतो ते उड्डाण. टेकऑफ घ्या, पाच हजार फुटांवर सरळ करा, उजवीकडे 45 अंशांचे स्टीप टर्न, मग डावीकडे, मग रडार व्हेक्टर आणि आयएलएस.

एअरबसच्या साइडस्टिकचे एक वैशिष्ट्य तुम्हाला झोपेतही माहीत आहे. 33 अंशांच्या झुकावापर्यंत विमान नाक स्वतः सावरते, त्यापुढे गेले की स्टिक मागे धरून ठेवावी लागते. सेसनावरून आलेल्या मुलाला हे कोणी सांगितले नसेल, तर पहिल्या वळणात तो तीनशे फूट खाली जातो. पुढची दहा मिनिटे त्याचे मन त्या तीनशे फुटांतच अडकलेले असते. आयएलएसवर इंजिनांचा आवाज वर-खाली होत राहतो, कारण चाके खाली आणि पूर्ण फ्लॅप असताना नाक साधारण अडीच अंश वर आणि इंजिने पंचावन्न टक्क्यांच्या आसपास ठेवली की विमान स्थिर उतरते, हा आकडा त्याच्याकडे नसतो. काही कंपन्या असे आकडे आदल्या दिवशी एका कागदावर देतात. त्या कंपन्यांमध्ये सिम्युलेटरच्या फेरीतून खरोखर वैमानिक निवडले जातात. जिथे देत नाहीत तिथे कोणाला आधी सिम्युलेटरचा तास विकत घेता आला, एवढेच मोजले जाते.

चांगला उमेदवार अशा वेळी कसा दिसतो? माझ्या डोळ्यांसमोर एक मुलगी आहे. आयएलएसवर होती. ग्लाइडस्लोपकडे बघता बघता दिशा सहा-सात अंश सरकली. साइडस्टिकवरची तिची बोटे पांढरी पडली होती. नजर पडद्यावर पुन्हा फिरली, आणि ती साध्या आवाजात म्हणाली, “हेडिंग, करेक्टिंग.” मग बोटे सैल झाली. तेवढ्या दोन शब्दांत तिने तीन गोष्टी दाखवल्या होत्या. चूक तिच्या लक्षात आली, ती तिने शेजारच्याला सांगितली, आणि ती दुरुस्त केली. काटा पूर्ण वेळ मध्यावर ठेवणारे उमेदवार मी पाहिले आहेत. पण विमान आपल्या हातून सरकते आहे हे मोठ्याने सांगू शकणाऱ्यांना मी नेहमी त्यांच्या वर ठेवले, आणि तुमच्यातले अनुभवी परीक्षकही ठेवतात. मग हे उमेदवाराला सांगायला हरकत काय आहे? बाहेर बसलेली मुले समजून चालतात की एक चूक झाली की संपले. म्हणून ती चूक झाकतात, आणि झाकल्यामुळे जातात.

बऱ्याचदा दोन उमेदवार एकत्र बसवले जातात. एक उडवतो, दुसरा पाहतो आणि मदत करतो. ज्याच्या हाती विमान नाही त्याचेही गुण पडत असतात, किंबहुना कधी कधी त्याचेच जास्त. जोडीदाराचा वेग कमी होतो आहे हे पाहून जो “स्पीड” म्हणतो, त्याने दोघांनाही वाचवलेले असते. जो मुद्दाम गप्प बसतो, कारण शेजारच्याची चूक आपल्या पथ्यावर पडेल असे त्याला वाटते, त्याला मी कधीच निवडले नाही.

शेवटी मुलाखत. समोर एक-दोन कॅप्टन, मनुष्यबळ विभागाचे कोणी, कधी मानसशास्त्रज्ञ. ‘स्वतःबद्दल सांगा’ इथून सुरुवात. मग तांत्रिक भाग, आणि तो साधा असतो. तुम्ही उडवलेल्या विमानाचे इंजिन कसे चालते, कार्ब्युरेटरमध्ये बर्फ कधी धरतो, व्ही-वन म्हणजे काय, ट्रान्झिशन उंचीला 1013 का लावायचे. एखादा परीक्षक विचारतो, आज मुंबईचा मेटार पाहिलात का? धावपट्टी 27, वारा 240 अंशांवरून 20 नॉट, तर आडवा वारा किती? तीस अंशांचा कोन, म्हणजे निम्मा, दहा नॉट. तीस हजार फुटांवरून उतरायला किती अंतर आधी सुरुवात करायची? हजार फुटांना तीन मैल, म्हणजे नव्वद. ग्राउंडस्पीड 140 असेल तर तीन अंशांच्या उतारावर मिनिटाला किती फूट? पाचने गुणा, सातशे. असे हिशेब डोक्यात करता येणे खरोखर कामाचे आहे. पण हिशेब येत नसेल तर ‘येत नाही, पुस्तकात अमुक ठिकाणी पाहीन’ हे उत्तरही कामाचे आहे, आणि ते चालते हे मुलांना माहीत नसते. ती ठोकून देतात. ठोकून देणारा माणूस कॉकपिटमध्ये कोणालाच नको असतो.

पण मुलाखतीचा खरा भाग पुढे आहे. कॅप्टनच्या तोंडाला दारूचा वास येतो आहे, काय कराल? पाचशे फुटांवर वेग वीस नॉट जास्त आहे, कॅप्टन उतरायचेच म्हणतो, काय कराल?

या प्रश्नांना इतिहास आहे. 28 डिसेंबर 1978 ला पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-8 चे वैमानिक चाकांच्या बिघाडात गुंतून पडले आणि विमान इंधन संपून कोसळले. इंधन कमी होते आहे हे कॉकपिटमधल्या बाकीच्यांना दिसत होते, पण ते पुरेशा ठामपणे कॅप्टनपर्यंत पोहोचले नाही. त्यानंतर नासाने 1979 मध्ये घेतलेल्या कार्यशाळेतून आजच्या सीआरएमची, म्हणजे क्रू रिसोर्स मॅनेजमेंटची, सुरुवात झाली. आणि आपल्या घरचे उदाहरण: 22 मे 2010 च्या सकाळी मंगळुरूला एअर इंडिया एक्सप्रेसचे 812 हे उड्डाण धावपट्टी ओलांडून दरीत गेले. 158 माणसे गेली. चौकशी न्यायालयाच्या अहवालात नोंद आहे की अप्रोच अस्थिर होता, आणि को-पायलटने तीन वेळा गो-अराउंड करायला सांगितले होते.

तीन वेळा सांगितले होते. म्हणून मुलाखतीतला प्रश्न ‘तुम्ही बोलाल का’ इथे थांबत नाही. बोलून झाल्यावर, कॅप्टनने न ऐकल्यावर, तुम्ही काय कराल, इथपर्यंत तो जातो. अस्थिर अप्रोचवर कंपनीचा नियम काय आहे, तो मोडला जातो आहे हे कोणत्या शब्दांत सांगाल, दुसऱ्यांदा सांगताना आवाज कसा बदलेल, आणि नियंत्रण हाती घ्यायची वेळ कधी येते? आमच्या मुलांसाठी हा प्रश्न अवघड आहे. घरात मोठ्यांना उलट बोलायचे नाही, शाळेत सरांना, अकॅडमीत इन्स्ट्रक्टरला ‘येस सर’शिवाय दुसरे उत्तर द्यायचे नाही, अशा वीस वर्षांनंतर त्यांना पंचवीस वर्षे ज्येष्ठ माणसाला ‘सर, गो-अराउंड’ असे सांगायचे असते. हे पाठ करून येत नाही. पण आपल्याकडून हेच अपेक्षित आहे, हे कंपनीने आधी सांगितले तर मूल त्यावर महिनाभर विचार करते, मित्रांशी बोलते, आरशासमोर बोलून पाहते. त्याचा निम्मा सीआरएम तुमच्याकडे यायच्या आधीच झालेला असतो. आणि तुम्हाला शंका असेल तर पुढचा प्रश्न आहेच: ‘मी सांगतो ना, गप्प बस, असे कॅप्टन म्हणाला, मग?’ ज्याने फक्त पहिले उत्तर पाठ केले आहे तो इथे उघडा पडतो.

दारूच्या प्रश्नाचेही तसेच. आपल्याकडे उड्डाणापूर्वी ब्रेथ ॲनालायझर आहे, त्यात थोडेदेखील चालत नाही, आधीचे बारा तास पिणे वर्ज्य आहे, आणि पहिल्यांदा सापडल्यास परवाना तीन महिने निलंबित होतो. मुले हे नियम म्हणून दाखवतात आणि म्हणतात, “चाचणीत कळेलच.” परीक्षकाला ऐकायचे असते ते चाचणीच्या आधीचे. कॅप्टनशी बाजूला जाऊन बोललात का? ते ऐकत नसतील तर ड्युटी ऑफिसरला कळवून उड्डाण थांबवाल का? त्या माणसाची नोकरी जाईल, या विचाराने थांबाल का?

आता इंग्रजीबद्दल. आयसीएओच्या नियमाने वैमानिकाला किमान चौथ्या स्तराचे इंग्रजी लागते, आणि या मुलांनी ती चाचणी दिलेली असते. रेडिओवर त्यांचे बोलणे नेमके असते. तुमच्या टेबलासमोर मात्र काही परीक्षक त्यांच्या उच्चारांवरून, एखाद्या चुकलेल्या क्रियापदावरून मत बनवताना मी पाहिले आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या एका मुलाने सिम्युलेटरमध्ये सगळ्यांत उत्तम ब्रीफिंग दिले होते, आणि त्याच मुलाच्या कागदावर ‘आत्मविश्वास कमी’ असा शेरा पडला, कारण छंदांबद्दल बोलताना तो अडखळला. विमानात छंदांबद्दल बोलायचे नसते. इंग्रजी कशासाठी तपासले जाते आणि कशासाठी नाही, हे तुमच्या परीक्षकांनाही लिहून द्या.

आणि मुलींना लग्न कधी करणार, मूल झाल्यावर काय, असे विचारणे बंद करा. हे अजून विचारले जाते. मुली येऊन मला सांगतात, आणि विचारतात की खरे उत्तर द्यायचे की नाही. भारतात महिला वैमानिकांचे प्रमाण जगाच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक आहे, आणि 1985 मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी निवेदिता भसीन यांच्यासह इंडियन एअरलाइन्सचे फक्त महिला वैमानिकांचे पहिले उड्डाण केले, त्याला चाळीस वर्षे उलटून गेली. रोस्टर, रात्रीची ड्युटी, घरापासून दूरचा बेस, हे विचारायचे असेल तर मुलालाही तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारा.

निवड झाली तर पुढचे कागद येतात, आणि तिथेही घाई असते. टाइप रेटिंगचा खर्च कोणाचा, बाँड किती वर्षांचा, मध्ये सोडल्यास किती रक्कम भरायची, प्रशिक्षणात अडले तर काय. 2017 पासून को-पायलटला नोकरी सोडताना सहा महिने आणि कॅप्टनला वर्षभर नोटीस द्यावी लागते, हे कित्येक मुलांना सही केल्यानंतर कळते. करार मुलाखतीच्या बोलावण्यासोबतच वाचायला द्या. वडिलांना दाखवू द्या, वकिलाला दाखवू द्या.

निवड झाली नाही तर काय येते? बहुतेकांना दोन ओळींचा ई-मेल येतो, काहींना तोही नाही. किंगफिशर 2012 मध्ये थांबली, जेट एप्रिल 2019 मध्ये, गो फर्स्ट मे 2023 मध्ये. प्रत्येक वेळी हजारो तासांचे अनुभवी वैमानिक बाजारात आले आणि दोनशे तासांच्या नव्या मुलांची रांग मागे सरकली. त्या त्या वर्षी नाकारल्या गेलेल्या चांगल्या मुलांनी वर्षानुवर्षे स्वतःलाच नालायक समजले, कारण कोणी सांगितलेच नाही की जागाच नव्हत्या. मी अशा मुलांशी बोललो आहे. एकाने चार वर्षे विमानाला हात लावला नव्हता आणि हप्ते फेडायला मिळेल ते काम करत होता. त्याच्या सिम्युलेटर फेरीचे गुण उत्तम होते, हे त्याला कधीच कळले नाही.

मला काय हवे आहे ते सांगतो. भरतीच्या जाहिरातीसोबत एक पान द्या. त्यावर टप्पे, प्रत्येक टप्प्यात पाहिली जाणारी कौशल्ये, सिम्युलेटरचे विमान आणि त्याचे मूळ पॉवर-पिचचे आकडे, नमुना-चाचणीची सोय, आकारली जात असेल तर फी आणि ती परत मिळते की नाही, पुन्हा अर्ज किती महिन्यांनी करता येतो, आणि कराराच्या मुख्य अटी. नाकारलेल्या प्रत्येकाला टप्प्यानुसार निकाल द्या: इथे पुरेसे होते, इथे कमी पडले, किंवा सगळीकडे पुरेसे होते पण जागा नव्हत्या. ही माहिती तुमच्या संगणकात आजही आहे. परीक्षकांनी भरलेल्या कागदांवर ती आजही असते. ती फक्त ज्याची आहे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

या पानाचा मसुदा मी तयार केला आहे. एअरबस आणि बोइंग, दोन्हींसाठी वेगळा. तुमच्यापैकी कोणालाही हवा असेल तर तुमच्या परीक्षकांसोबत बसून त्यावर काम करायला मी येईन, मानधन नको. पुढची भरती जाहीर होण्याआधी हे झाले, तर त्या वेळी अर्ज करणाऱ्या मुलांना ते पान मिळेल.

आपला,
एक निवृत्त कॅप्टन